दीर्घ त्रिविध शर्यतीचा संकल्प व तिची पूर्वतयारी

शेतीच्या मासिकांत शर्यतीचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. बैलगाड्यांची शर्यत असती तर गोष्ट निराळी. परंतु ज्या शर्यतीविषयीं आम्ही लिहिणार आहों तींत बैल नाहीं, गाडी नाहीं आणि बक्षिसाची आशाही बहुतेकांस नाहीं. एका माणसानें एका दिवसांत प्रथम पोहावें, मग सायकल चालवावी व शेवटीं धांवावें, एवढाच तिचा मामला. तथापि गेल्या कांहीं वर्षांत या शर्यतीचें वारें शहरांतून खेड्यांकडे वाहूं लागलें आहे. आमच्या घरच्याच एका शेतकरी तरुणानें ती पुरी करण्याचा संकल्प केला असल्यामुळें, शेती सांभाळून असा संकल्प कसा करावा, त्याची तयारी कशी करावी व कोठें सावध राहावें, हें मांडणें शेतकरी बंधूंस उपयोगाचें होईल असें वाटतें.

शर्यतीचें स्वरूप

या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. आपण तिला त्रिविध शर्यत म्हणूं. तिच्या दीर्घ प्रकाराची सुरुवात हवाई बेटांपैकीं ओआहू या बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं झाली. जॉन कॉलिन्स नांवाचा आरमारी अधिकारी व त्याची पत्नी ज्यूडी यांनीं त्या बेटावरील पोहण्याची, सायकलीची व धांवण्याची अशीं तीन निरनिराळीं आव्हानें एकाच दिवसांत जोडलीं. पोहणें ३.८ किलोमीटर, सायकल सुमारें १८० किलोमीटर व धांवणें ४२.२ किलोमीटर, असें तें अंतर ठरलें. पंधरा जण निघाले व बारा पोंचले. गॉर्डन हॉलर हा ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला आला. त्याच्या पुढें असलेला जॉन डनबार याचें धांवतांना पाणी संपलें. सोबत्यांपाशीं होती ती बिअर त्यांनीं त्यास पाजली, आणि हातची शर्यत गेली. ही हकीकत केवळ गमतीची नव्हे. बळ असून पाण्याची तजवीज नसली म्हणजे काय होतें, हें पिकाच्या बाबतींत आपण जाणतोंच. माणसाच्या बाबतींत तें येथें दिसलें.

याच शर्यतीचा निम्म्या अंतराचा एक प्रकार आहे. त्यांत १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धांवणें, म्हणजे एकूण ११३ किलोमीटर अंतर तोडावें लागतें. हा प्रकार गोव्यांत पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम २० ऑक्टोबर २०१९ रोजीं भरला, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील पुष्कळांस तो आवाक्यांतला वाटूं लागला. पूर्ण अंतराविषयीं सांगावयाचें तर, मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना झ्यूरिक येथें ती शर्यत सुमारें १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. त्यांच्यामुळें या शर्यतीचें नांव मराठी घरांत पोंचलें. मात्र ते तरुणपणीं पोहण्यांतील राष्ट्रीय विजेते होते, हें विसरतां कामा नये.

संकल्पापूर्वींची तपासणी

हा तरुण आमचा भाचा. वय तेहतीस. जमीन साडेचार एकर. पैकीं अडीच एकर ऊंस, दीड एकर सोयाबीन, बाकी वैरण. दावणीला दोन म्हशी. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें गेले. पुढें याचेंही वजन वाढलें, उंसाची मोळी ट्रॉलीवर चढवितांना धाप लागूं लागली, आणि त्या भीतीनें तो पहांटे धांवूं लागला. दोन वर्षांत त्यानें शहरांतील एक २१ किलोमीटरची शर्यत पुरी केली, आणि मग गोव्याचा विचार त्याच्या मनानें घेतला. आमची बहीण घाबरली. ती आम्हांस म्हणाली, "दादा, ज्या वाटेनें याचे वडील गेले ती अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीं, आणि हा समुद्रांत उतरायचं म्हणतो. तूं सांगशील तें तो ऐकेल."

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. अर्ज पुढें आला म्हणजे तो मंजूर कीं नामंजूर हें ठरविण्याआधीं कागद पुरे आहेत कीं नाहींत तें पाहावें, ही आमची संवय. त्याप्रमाणें आम्हीं भाच्यापुढें चार बाबी ठेविल्या, व चारींची पूर्तता झाल्यावांचून प्रवेशाची फी भरूं नये असें सांगितलें. कारण एकदां भरलेली फी सहसा परत मिळत नाहीं.

पहिली बाब शरीराची. ज्याच्या घरांत हृदयविकार आहे त्यानें डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घ्यावा, चालत्या पट्ट्यावरील श्रमाची चाचणी द्यावी, आणि रक्तांतील साखर, चरबी व रक्तदाब पाहावा. हें चाळिशीपुढील प्रत्येकानेंही करावें. भाच्याची तपासणी निर्दोष आली. वजन मात्र कमी करण्यास सांगितलें.

दुसरी बाब पैशाची. फी, जुनी पण चांगल्या स्थितींतील रोड सायकल, शिरस्त्राण, बूट, पोहण्याचा चष्मा, तरणतलावाची वर्गणी व प्रवासखर्च मिळून बेरीज एका दुभत्या म्हशीच्या किंमतीजवळ गेली. सोसायटीचें पीककर्ज व खतबियाण्याचा पैसा यांस हात लावूं नये, आणि या कामीं नवें कर्ज काढूं नये, अशी आम्हीं अट घातली. त्यानें दोन हंगामांच्या शिलकींतून ही रक्कम उभी केली.

तिसरी बाब घराची. भाचेसून शांत, परंतु हिशेबी आहे. तिनें तीन गोष्टी मागितल्या. पहांटेची धार ती काढील, पण संध्याकाळची त्यानें काढावी. रविवारीं दुपारनंतर सरावाचें नांव काढूं नये. आणि अनुभवी पोहणाऱ्यांबरोबर निदान तीन वेळां समुद्रांत पोहल्यावांचून शर्यतीस उभें राहूं नये. तिन्ही गोष्टी आम्हांस रास्त वाटल्या. ज्या संकल्पाचा भार घरांतील दुसऱ्यावर पडतो, त्यास त्या दुसऱ्याची संमति असावीच लागते.

चौथी बाब वेळेची. तिचा विचार सविस्तर करूं.

वेळेचा जमाखर्च

आठवड्याचे तास १६८. पैकीं झोंप ५२, शेती व जनावरें ७०, आणि जेवणखाण, बाजार व घरचीं कामें ३०, मिळून १५२ होतात. शिल्लक १६ तास. या शिलकींतून आरंभीं पांच व भर तयारीच्या काळांत फार तर दहा तास सरावास द्यावे. बाकीचे तास अडीअडचणीस राखून ठेवावे. जो झोंपेचे तास तोडून सराव करतो तो विहिरीचें पाणी उपसून पुन्हां भरूं देत नाहीं असें समजावें.

पहिल्या खेपेस चोवीस आठवड्यांची तयारी पुरेशी होते, मात्र अंगांत थोडीबहुत संवय आधींपासून असावी. पहिले आठ आठवडे पाया घालण्याचे, पुढील दहा वाढीचे, नंतरचे चार भर मेहनतीचे व शेवटले दोन विसाव्याचे. मेहनत दर आठवड्यास थोडथोडी वाढवावी, आणि दर चौथ्या आठवड्यास ती बरीच कमी करावी. कारण स्नायु मेहनतीनें झिजतात व विश्रांतींत बळावतात. वाफसा आल्याशिवाय रान नांगरलें तर ढेकळें निघतात. थकलेल्या अंगाचेंही तेंच होतें. शेवटल्या दोन आठवड्यांत सराव निम्म्याच्या आसपास आणावा. त्या दिवसांत अंग हलकें वाटून जास्त धांवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

यांत शेतकऱ्याची एक खास अडचण आहे, जी शहरच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. शेतीपंपाची वीज पाळीनें कधीं दिवसा तर कधीं रात्रीं येते. रात्रपाळीच्या आठवड्यांत उंसाला पाणी पाजून पहाटे घरीं आलेल्या माणसानें साठ किलोमीटर सायकल मारणें म्हणजे आजारास निमंत्रण. यासाठीं भाच्यानें विश्रांतीचे आठवडे रात्रपाळीच्या आठवड्यांशीं जुळवून घेतले आहेत. तसेंच औषधफवारणीच्या दिवशीं व त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं, फवारलेल्या रानाजवळून धांवणें त्यानें वर्ज्य केलें आहे.

"शेतांत राबतो त्यास निराळा व्यायाम कशाला?" असें कोणी विचारतील. प्रश्न योग्य आहे. शेतीचें काम कमरेस, खांद्यांस व हातांस बळ देतें. परंतु तें थांबत थांबत होतें. या शर्यतींत हृदय व फुप्फुसें यांस सात-आठ तास एकसारखें काम करावें लागतें. ही संवय निराळी, व ती निराळीच करावी लागते.

पोहणें

आपल्याकडील पोरें पाठीस भोपळा बांधून विहिरींत पोहावयास शिकतात. आमचा भाचाही तसाच शिकला. परंतु विहिरीचें पोहणें म्हणजे मुटका मारणें, बुडी घेणें व कांठास लागणें. १.९ किलोमीटर न थांबतां जाणें ही वेगळी विद्या होय. डोकें पाण्यांत ठेवून श्वास बाहेर सोडावा, अंग आडवें व लांब राखावें, आणि कुशीवर वळतांना तोंड बाजूस काढून श्वास घ्यावा, हें शिकण्यास जाणत्याची नजर लागते. त्यासाठीं भाचा आठवड्यांतून तीन वेळां तालुक्याच्या तरणतलावावर जातो. पहिल्या आठवड्यांत पन्नास मीटरांत त्याची दमछाक झाली. अकराव्या आठवड्याअखेर तो १,२०० मीटर न थांबतां गेला, तोही बळ वाढून नव्हे, तर श्वासाची लय बसून.

समुद्रांत आणखी दोन गोष्टी येतात. तेथें तळ दिसत नाहीं व भिंत नसते. म्हणून दर आठ-दहा हातांनीं डोळे पाण्यावर काढून खुणेचें पिंप कोठें आहे तें पाहावें लागतें. दुसरें, शेंकडों माणसें जवळजवळ असल्यानें धक्के बसतात, तोंडांत पाणी जातें व मन घाबरतें. अशा वेळीं हातपाय झाडूं नयेत. पाठीवर उताणें व्हावें, दहा-वीस श्वास शांतपणें घ्यावे, जरूर तर हात वर करून मदत मागावी. या भीतीस आधार आहे. अमेरिकेंतील १९८५ ते २०१६ या काळांतील त्रिविध शर्यतींचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मृत्यु व हृदय बंद पडणें अशा १३५ घटना नोंदल्या असून त्यांपैकीं ९० पोहण्याच्या टप्प्यांतील आहेत. तिन्ही टप्प्यांत पोहण्याचा वेळ सर्वांत थोडा, पण धोका तेथें सर्वांत मोठा.

येथें आम्ही हात जोडून एक विनंति करितों. प्लॅस्टिकचें अस्तर असलेल्या शेततळ्यांत कोणीही, कसाही पोहणारा असो, सरावास उतरूं नये. त्याच्या उतरत्या बाजू शेवाळानें गुळगुळीत होतात, हातास धरावयास कांहीं मिळत नाहीं, आणि चांगला पोहणाराही बाहेर येऊं शकत नाहीं. ज्यांचें शेततळें आहे त्यांनीं त्यास कुंपण करावें व दोरखंड आणि हवा भरलेली रबरी नळी कांठास बांधून ठेवावी. तसेंच जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत समुद्रांत उतरूं नये. भाच्याचा समुद्रांतील सराव त्यामुळें ऑक्टोबरांतच होईल. एकट्यानें तर कोठेंही पोहूं नये.

सायकल

सर्वांत जास्त वेळ सायकलीवर जातो. गादीची उंची अशी असावी कीं पायडल खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील. गादी फार खालीं असली तर गुडघे धरतात. फार जड दांतचक्रावर दमून दामटण्यापेक्षां हलक्या चक्रावर पाय भराभर फिरविणें हिताचें, कारण पुढें धांवावयाचें असतें. ट्यूब बदलणें, हवा भरणें व साखळी बसविणें हीं कामें डोळे मिटून करतां यावीं. शर्यतींत ही दुरुस्ती ज्याची त्यानेंच करावयाची असते. या शर्यतींत दुसऱ्याच्या पाठीस चिकटून वाऱ्याचा आडोसा घेणेंही नियमबाह्य आहे.

रस्त्याविषयीं दोन शब्द. गळिताच्या हंगामांत उंसाच्या ट्रॉल्या अंधारांत मागील दिव्याशिवाय चालतात व त्यांपायीं दरवर्षीं माणसें जातात. सायकलस्वारानें उजाडल्याशिवाय निघूं नये, मागें तांबडा दिवा लावावा व शिरस्त्राण घालावें. वाचकांपैकीं ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनीं मागील बाजूस परावर्तक पट्टे लावावे. खर्च थोडा आहे, आणि त्यानें कोणाच्या तरी घरचा माणूस वांचेल.

धांवणें व जोड-सराव

धांवण्याचा वेग असा ठेवावा कीं सोबत्याशीं बोलतां यावें. सायकलीवरून उतरतांच धांवूं लागलें कीं पाय आपले नव्हेत असें वाटतें. ही अवस्था मोडण्यासाठीं आठवड्यांतून एकदां, लांब सायकलीनंतर लगेच पंधरा-वीस मिनिटें धांवावें. यास आम्ही जोड-सराव म्हणतों. धांवण्याचा टप्पा गोव्यांत दुपारच्या उन्हांत येतो. उष्णतेची संवय होण्यास सुमारें दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून शेवटल्या तीन आठवड्यांत थोडें धांवणें उन्हांत करावें. मात्र डोकें दुखूं लागलें, शहारे आले किंवा घाम थांबला तर तत्काळ सांवलींत बसावें.

या जातीच्या शर्यतींत साधारणतः साडेआठ तासांची मुदत असते. भाच्यासाठीं आम्हीं पुढील अंदाजपत्रक केलें आहे. पोहणें १ तास. कपडे बदलून सायकलीवर बसणें ८ मिनिटें. ताशीं २५ किलोमीटरनें सायकल ३ तास ३६ मिनिटें. सायकल ठेवून बूट घालणें ७ मिनिटें. किलोमीटरास ८ मिनिटें धरून धांवणें २ तास ४९ मिनिटें. एकूण ७ तास ४० मिनिटें. शिल्लक ५० मिनिटें, तीं पंक्चर, पेटका व उन्ह यांसाठीं. पहिल्या शर्यतीस पुरी करणें एवढेंच ध्येय असावें. वेग हें पुढील वर्षाचें पीक.

खाणें व पाणी

अंगांतील साखरेचा साठा कांहीं तासांत सरतो. म्हणून सायकलीवर असतां दर तासास सुमारें पन्नास ग्रॅम पिष्टसाखर पोटांत जावी. एका मध्यम केळ्यांत ती सुमारें पंचवीस ग्रॅम असते. भाचा केळीं व खजूर खातो, आणि एक लिटर पाण्यांत पन्नास ग्रॅम गूळ, अर्धें लिंबू व पाव चमचा मीठ घालून तें सरबत घोटघोट पितो. विकतच्या पुड्यांपेक्षां हें त्याच्या पोटास मानवलें. नुसतें साधें पाणी भरमसाट पिणेंही घातक आहे. त्यानें रक्तांतील क्षार पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडूं शकतो. ताहानेप्रमाणें प्यावें व त्यांत मीठ असावें. आणि जें सरावांत खाल्लें नाहीं तें शर्यतीच्या दिवशीं तोंडांत घालूं नये. नवे बूटही त्या दिवशीं घालूं नयेत.

पीक व शर्यत

गोव्याची शर्यत आजवर ऑक्टोबर अथवा नोव्हेंबर महिन्यांत झाली आहे. शेतकऱ्यास याहून अवघड काळ नाहीं. सोयाबीन काढणीस येतें, वेळेवर न कापलें तर शेंगा तडकून दाणा भुईवर पडतो, आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. भाच्यानें यंदां मृगाच्या पावसावर फुले संगम पेरलें. तें सुमारें शंभर ते एकशेंपांच दिवसांत तयार होतें. म्हणजे सप्टेंबरअखेर कापणी यावी. पाऊस लांबला तर ती पुढें ढकलेल. म्हणून त्यानें चार शेजाऱ्यांशीं आतांच पैरा ठरविला आहे; तो त्यांच्या रानांत आधीं कापणीस जाईल व ते याच्या रानांत मागाहून येतील. मळणीयंत्राचा दिवसही बोलून ठेविला आहे.

इतकें करूनही आभाळ कोणाच्या हातीं नाहीं. सबब आम्हीं शेवटची अट अशी लिहून घेतली कीं, शर्यतीच्या आठवड्यांत पीक उभें असेल व ढग दाटले असतील, तर फी बुडाली तरी चालेल, पण त्यानें रान सोडूं नये. भाच्यानें कांहीं वेळ विचार करून सही केली. तें पाहून आमची बहीण, जी प्रथम विरोधांत होती, ती म्हणाली, "ती अट खोडून टाक. माणसं लावून सोयाबीन मी काढीन. यानें माझ्या सुनेच्या तीन अटी पाळल्या तर यानं जावं." आम्हीं ती अट खोडली नाहीं, तिच्याखालीं बहिणीचें म्हणणें नोंदवून तिची सही मात्र घेतली. निर्णय त्या त्या दिवशींच्या आभाळावर व मायलेकरांवर सोंपविला आहे.

समारोप

चोवीसपैकीं अकरा आठवडे झाले. भाचा सायकलीवर साठ किलोमीटर व पायीं बारा किलोमीटर जातो. वजन सहा किलो उतरलें. उंसाची मोळी चढवितांना धाप लागत नाहीं. उरले तेरा आठवडे जड आहेत, आणि समुद्र अजून पुढेंच आहे.

प्रत्येक शेतकऱ्यानें ही शर्यत करावी असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यास हौस असेल त्यानें प्रथम लहान अंतराची करून पाहावी. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपासून चालत आलेली दीड किलोमीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धांवणें, ही पायरी मधें आहे. ज्यास शर्यत नको त्यानेंही वर्षांतून एकदां हृदय तपासून घ्यावें, मुलांस जाणत्याच्या देखरेखीखालीं पोहावयास शिकवावें, शेततळ्यास कुंपण घालावें व ट्रॉलीस पट्टे लावावे. एवढें या लेखानें झालें तरी तो सार्थकीं लागेल. भाच्याचें काय झालें, तो पोंचला कीं परतला, किंवा सोयाबीनच्या रानांतच राहिला, तें शर्यतीची तारीख उलटल्यावर याच मासिकांतून वाचकांस कळवूं.